संकटाच्या आधी पोहोचणारा शब्द

वाचकहो, या सदरातून आपण निरनिराळ्या व्यवसायांचा परिचय करून घेत असतो. बहुतेक व्यवसायांचे फळ डोळ्यांना दिसते. गवंड्याने बांधलेली भिंत उभी राहते, शिक्षकाचा विद्यार्थी उत्तीर्ण होतो, वैद्याचा रोगी बरा होऊन आपल्या पायांनी घरी जातो. आजचा व्यवसाय मात्र निराळा आहे. त्याचे फळ न घडलेल्या गोष्टींत शोधावे लागते. जिन्यात चेंगराचेंगरी झाली नाही, धुराने भरलेल्या लिफ्टमध्ये कोणी शिरले नाही, पाण्यात पडलेल्या विजेच्या तारेला कोणी हात लावला नाही, अशा 'नाही'ने संपणाऱ्या वाक्यांतच या व्यवसायाचे यश सामावलेले असते. लोकांना संकटाशी सामना करण्याचे शिक्षण देणारा आपत्ती व्यवस्थापन प्रशिक्षक आणि संकटप्रसंगी त्यांच्याशी बोलणारा लोकसंवादक, यांचा हा व्यवसाय होय. पुष्कळदा ही दोन्ही कामे एकच व्यक्ती करते; आणि ती एकाच व्यक्तीने करावीत यात मोठे औचित्य आहे, असे आपल्याला पुढे दिसून येईल.

या व्यवसायाची गरज जेथे दररोज जाणवते असे एक शहर म्हणजे दिल्लीच्या दक्षिणेस हरियाणात वसलेले गुरुग्राम. 2016 पर्यंत ते गुरगाव या नावाने ओळखले जाई. एका बाजूस अरवलीच्या झिजलेल्या टेकड्या, दुसऱ्या बाजूस नजफगढच्या नाल्याकडे उतरत जाणारी सखल जमीन, आणि मध्ये काचेच्या उंच कचेऱ्या व वीस-वीस, तीस-तीस मजल्यांच्या निवासी वसाहती, असे त्याचे आजचे रूप आहे. पुण्या-मुंबईहून, नागपुराहून आणि मराठवाड्यातूनही अनेक कुटुंबे नोकरीनिमित्त तेथे राहावयास गेली आहेत. शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या तसे पावसाचे पाणी वाहून नेणारे जुने मार्ग अरुंद झाले वा बुजले. शिवाय 2002 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय मानकाच्या नकाशात दिल्लीसह हा सारा प्रदेश भूकंपाच्या चौथ्या, म्हणजे तीव्र धोक्याच्या, क्षेत्रात दाखविलेला होता. तात्पर्य, वरून पाणी आणि खालून हादरे अशा दुहेरी शक्यतेत हे नगर वाढले आहे.

ही शक्यता केवळ पुस्तकी नाही. 28 जुलै 2016 च्या पावसाने दिल्ली-जयपूर महामार्गावर हीरो होंडा चौकाजवळ वाहनांची अशी कोंडी झाली की असंख्य लोकांना ती रात्र रस्त्यावरच काढावी लागली. 9 जुलै 2025 च्या सायंकाळी तेथे पुन्हा मुसळधार पाऊस झाला. अवघ्या दीड तासात 100 मिलिमीटरहून अधिक. रस्त्यांवर साचलेल्या पाण्यात वीज उतरून माणसे दगावली. जिल्हा प्रशासनाने दुसऱ्या दिवशी खासगी कचेऱ्यांना, कर्मचाऱ्यांकडून घरूनच काम करून घ्यावे, अशी सूचना दिली. आणि त्या दुसऱ्या दिवशी, 10 जुलैला, सकाळी 9 वाजून 4 मिनिटांनी शेजारच्या झज्जरजवळ 4.4 तीव्रतेचा भूकंप झाला. त्याचे हादरे गुरुग्राममध्ये स्पष्ट जाणवले. एका रात्रीच्या अंतराने दोन भिन्न संकटे! पहिल्या संकटात 'घराबाहेर पडू नका' हा सल्ला योग्य होता. दुसऱ्यात लोक घाईघाईने जिन्यांकडे धावले. कोणत्या वेळी आत राहावे आणि कोणत्या वेळी बाहेर पडावे, हे ऐन वेळी कोण सांगणार? येथेच आपल्या प्रशिक्षकाचे काम सुरू होते. आणि ते त्या सकाळी नव्हे, तर कित्येक महिने आधी सुरू व्हावे लागते.

हे काम तो कसे करतो ते पाहू. प्रथम तो इमारत पाहतो. जिने किती, दारे आत उघडतात की बाहेर, जिन्याच्या वळणावर कोणी जुन्या सायकली आणि कुंड्या ठेवल्या आहेत काय, गच्चीची किल्ली कोणापाशी असते, याची तो वहीत नोंद करतो. नंतर तो माणसे पाहतो. कोणत्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेले आजोबा आहेत, कोणत्या घरी दिवसा लहान मूल आणि सांभाळणारी बाई एवढीच असतात, कोणाला ऐकू येत नाही. त्यानंतर तो सर्वांना मोजक्या शब्दांत धडा देतो. भूकंपाचे हादरे चालू असताना धावू नये. खाली बसावे, भक्कम मेजाखाली डोके व मान झाकावी, आणि मेजाचा पाय घट्ट धरून ठेवावा. हादरे थांबल्यावर गॅस बंद करावा आणि जिन्याने उतरावे, लिफ्टने नव्हे. आग लागली असता धूर वर चढतो, म्हणून वाकून चालावे; दाराला हाताची मागची बाजू लावून पाहावी, ते तापलेले असेल तर उघडू नये. शेवटी येते ती रंगीत तालीम. भोंगा वाजतो, लोक उतरतात, ठरलेल्या मोकळ्या जागी जमतात, आणि नावे वाचून शिरगणती होते. 1 ऑगस्ट 2025 रोजी 'सुरक्षा चक्र' या नावाने अशी एक विस्तृत तालीम दिल्ली, हरियाणा व उत्तर प्रदेशातील 18 जिल्ह्यांत घेण्यात आली. गुरुग्राम हा त्यांपैकी एक जिल्हा होता.

अशा तालमींना हसणारे लोक सर्वत्र भेटतात. 'शाळकरी मुलांचा खेळ' म्हणून काही जण घराचे दार लावून आत बसतात. पण संकटात माणूस नवा विचार क्वचितच करतो. तो सवयीने वागतो. ज्या दाराने रोज आत येतो त्याच दाराकडे तो धावतो, मग दुसरे दार दहा पावलांवर का असेना. न्यूयॉर्कचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. तेथील जागतिक व्यापार केंद्रात 1993 मध्ये तळघरात बाँबस्फोट झाला. त्यानंतर मॉर्गन स्टॅनली या कंपनीचे सुरक्षाप्रमुख रिक रेस्कोर्ला यांनी कर्मचाऱ्यांना जिन्याने दोन-दोनच्या रांगेत उतरण्याच्या तालमी वारंवार दिल्या. मोठमोठ्या अधिकाऱ्यांना दूरध्वनीवरील बोलणे तोडून उठावे लागे, आणि ते त्यांना मुळीच आवडत नसे. 11 सप्टेंबर 2001 रोजी शेजारच्या मनोऱ्यावर पहिले विमान आदळले, तेव्हा यांच्या मनोऱ्यात ध्वनिक्षेपकावरून सूचना झाली की ही इमारत सुरक्षित आहे, आपापल्या जागी राहावे. रेस्कोर्ला यांनी ती सूचना मानली नाही. हाती कर्णा घेऊन त्यांनी आपल्या लोकांना खाली उतरविण्यास प्रारंभ केला. त्या मनोऱ्यात काम करणारे त्यांच्या कंपनीचे सुमारे 2,700 कर्मचारी जवळजवळ सर्वच्या सर्व वाचले. मागे राहिलेल्यांना शोधण्यासाठी पुन्हा वर गेलेले रेस्कोर्ला मात्र परतले नाहीत. या घटनेत दोन गोष्टी एकत्र आलेल्या दिसतात. पायांना लागलेली सवय ही एक, आणि योग्य वेळी उच्चारलेला योग्य शब्द ही दुसरी. सूचना चुकीची असेल तर ती जीव घेते. आणि सूचना बरोबर असूनही पायांना सवय नसेल तर ती वाया जाते. प्रशिक्षक आणि संवादक ही एकाच कामाची दोन अंगे आहेत, असे प्रारंभी म्हटले त्याचे कारण हेच.

आपल्या महाराष्ट्राचा या विद्येशी संबंध जुना आहे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. 29 एप्रिल 1957 रोजी नागपूर येथे केंद्र सरकारने संकटकालीन साहाय्याचे शिक्षण देणारी मध्यवर्ती संस्था स्थापन केली. पुढे 1968 मध्ये ती राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय या नावाने ओळखली जाऊ लागली. देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेले लोक येथे शिकत आणि आपापल्या प्रांतात जाऊन इतरांना शिकवीत. एका दिव्याने दुसरा दिवा लावावा तशी ही रीत होती. आज नागपुरातच राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची प्रबोधिनी आहे. दुसरा संबंध अधिक करुण आहे. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत स्फोटके व कापूस यांनी भरलेल्या 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाला आग लागली. दुपारी दोनच्या सुमारास ती लक्षात आली. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला महास्फोट झाला. आग विझवू पाहणारे मुंबई अग्निशमन दलाचे 66 जवान त्या दिवशी प्राणांस मुकले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी 14 ते 20 एप्रिल हा सप्ताह अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून देशभर पाळला जातो. गुरुग्राममधील एखाद्या मनोऱ्यात एप्रिल महिन्यात आगीची तालीम होते, तेव्हा तिच्यामागे मुंबईच्या गोदीतील ते बलिदान उभे असते.

आता संवादकाच्या कामाकडे वळू. धोक्याची सूचना देणे ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. डेनिस मिलेटी आणि जॉन सोरेन्सन या अमेरिकन अभ्यासकांनी 1990 मध्ये अशा सूचनांविषयीचे संशोधन एकत्र केले. त्यातून असे दिसले की चांगल्या सूचनेत पाच गोष्टी असाव्या लागतात: सांगणारा कोण, धोका कोणता, तो कोठे आहे, तो केव्हा येणार आणि लोकांनी नेमके काय करावे. 'अतिवृष्टीच्या पार्श्वभूमीवर नागरिकांनी योग्य ती दक्षता घ्यावी' हे वाक्य आपण पुष्कळदा वाचतो. त्यात व्याकरणाची चूक नाही. पण ते वाचून कोणाचेही पाऊल हलत नाही. दक्षता म्हणजे काय? कोणी घ्यावी? कोठवर? आता त्याऐवजी कल्पनेने असे वाक्य रचून पाहा: 'जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्ष कळवितो की आज सायंकाळी सहापासून रात्री दहापर्यंत जोरदार पाऊस अपेक्षित आहे. बादशाहपूर नाल्यालगतच्या रस्त्यांवर पाणी साचेल. त्या भागातील लोकांनी पाच वाजण्यापूर्वी घरी पोहोचावे; तळघरात गाडी ठेवू नये; पाण्यात उभ्या असलेल्या विजेच्या खांबापासून दूर राहावे.' दुसरे वाक्य लांब आहे खरे. परंतु ते ऐकून माणूस उठतो, घड्याळाकडे पाहतो आणि कामाला लागतो.

संवादकाला आणखी एक गोष्ट ओळखावी लागते. सूचना ऐकताच कोणी लगेच तिचे पालन करीत नाही. तो आधी शेजाऱ्याला विचारतो, भावाला दूरध्वनी करतो, खिडकीतून डोकावून पाहतो. हा मूर्खपणा नव्हे, हा मनुष्यस्वभाव होय. म्हणून तीच सूचना निरनिराळ्या मार्गांनी, पण एकाच आशयाने पोहोचली पाहिजे. 2023 साली आपल्यापैकी अनेकांचा मोबाइल अचानक मोठ्याने खणखणला असेल, आणि हा केवळ चाचणी संदेश आहे, त्याची चिंता करू नये, असे त्यावर झळकले असेल. एका विशिष्ट भागातील सर्व मोबाइल संचांवर एकाच वेळी इशारा पाठविण्याच्या सरकारी व्यवस्थेची ती चाचणी होती. साधन उत्तम आहे. पण यंत्र शब्द पोहोचविते, विश्वास पोहोचवीत नाही. विश्वास हा शांततेच्या दिवसांत मिळवावा लागतो. ज्याने गेल्या वर्षी आपल्या मुलांना मेजाखाली बसावयास शिकविले, त्याचाच आवाज ध्वनिक्षेपकावरून आला तर आपण तो ऐकतो. अनोळखी आवाजाविषयी मात्र आपण शेजाऱ्याकडे चौकशी करीत बसतो, आणि तेवढ्यात मोलाची मिनिटे निघून जातात.

खोटा धीर देण्याचा मोह हा या व्यवसायातील मोठा शत्रू आहे. 'घाबरण्याचे काहीच कारण नाही' असे म्हणणे सोपे असते. परंतु लोक सत्य ऐकून सैरावैरा धावतील ही भीती बहुधा निराधार ठरते. संकटकाळात माणसे बहुतांशी एकमेकांना सावरतात, असेच या विषयाच्या अभ्यासकांना आढळले आहे. खरे बिघडते ते सत्य दडविल्यामुळे. जे ठाऊक आहे ते सांगावे, जे अद्याप समजलेले नाही ते समजलेले नाही असे सांगावे, आणि पुढची माहिती केव्हा देऊ ती वेळ सांगून ती पाळावी. एवढी शिस्त राखली तर अफवेला जागा उरत नाही.

येथे गुरुग्रामचा, आणि खरे तर आपल्या सर्वच वाढत्या शहरांचा, अवघड प्रश्न उभा राहतो. शब्द पोहोचवायचा तो कोणापर्यंत? मोठ्या वसाहतीत तालीम होते ती बहुधा सुट्टीच्या दिवशी किंवा सकाळी अकरा वाजता. तिला रहिवासी हजर असतात, समितीचे सभासद असतात, छायाचित्रेही निघतात. पण रात्री दोन वाजता आग लागली तर ती प्रथम कोणाला दिसेल? प्रवेशद्वारावरच्या पहारेकऱ्याला. दुपारी दोन वाजता भूकंप झाला तर घरातील बाळाजवळ कोण असेल? आई-वडील कचेरीत असतील. बाळाजवळ असेल ती कामाला येणारी बाई. त्यांच्यापैकी कोणी बिहारमधून आलेला, कोणी बंगालमधून, कोणी उत्तर प्रदेशातून. इंग्रजीत छापलेला सूचनाफलक त्यांच्यातील अनेकांच्या उपयोगाचा नसतो. पहारेकऱ्यांच्या पाळ्या बदलतात, नोकरी सोडून गेलेल्याच्या जागी नवा माणूस येतो, आणि त्याला किल्ल्यांचा जुडगा दिला जातो. त्यातील कोणती किल्ली गच्चीची, हे मात्र सांगितले जात नाही. ज्यांच्या हाती आपले प्राण प्रथम पडणार, त्यांनाच शिक्षण सर्वांत शेवटी मिळते किंवा मुळीच मिळत नाही. चांगला प्रशिक्षक म्हणून रात्रीच्या पाळीला वेगळी तालीम देतो, सूचना चित्रांत काढतो, त्यांच्या बोलीत बोलतो, आणि त्यांच्याकडून त्या पुन्हा वदवून घेतो. सांगितले म्हणजे समजले, असे तो कधीही धरून चालत नाही.

शिक्षण सर्वांपर्यंत पोहोचले तर काय घडू शकते, हे जपानमधील कामाइशी या गावाने दाखविले. गुन्मा विद्यापीठाचे प्राध्यापक तोशिताका कातादा यांनी तेथील शाळांतून अनेक वर्षे मुलांना एक साधी गोष्ट शिकविली होती: नकाशावर विसंबू नका, कोणाची वाट पाहत थांबू नका, स्वतः उंच जागेकडे निघा. 11 मार्च 2011 रोजी भूकंपामागून त्सुनामी आली. माध्यमिक शाळेची मुले धावत निघाली. त्यांना पाहून शेजारच्या प्राथमिक शाळेची मुलेही निघाली, आणि मोठ्यांनी लहानांचे हात धरले. ठरलेली जागा पुरेशी सुरक्षित नाही असे दिसताच ती आणखी वर गेली. त्या गावच्या शाळांतील सुमारे 3,000 मुले जवळजवळ सर्व वाचली. त्या मुलांपाशी कोणतेही महागडे यंत्र नव्हते. होता तो आधीच पोहोचलेला शब्द.

आपल्याकडे असा शब्द न पोहोचल्याची आठवणही आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीची भूमी हादरली. गणपती विसर्जन करून थकलेली माणसे झोपेत होती. दगड-मातीच्या जाड भिंती आणि मातीची जड धाबी त्यांच्यावर कोसळून हजारो माणसे गेली. तेथे मेजाखाली बसण्याचा धडा पुरेसा नव्हता. गवंड्याला भिंत कशी बांधावी, दगडांची एकमेकांत गुंफण कशी करावी, हे आधी शिकवावयास हवे होते. यावरून असे दिसते की प्रशिक्षकाचा वर्ग फार मोठा आहे. त्यात गवंडी येतो, शिक्षक येतो, वाहनचालक येतो, आणि घर चालविणारी गृहिणीही येते.

ज्या तरुण वाचकांना हा मार्ग आकर्षक वाटत असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानंतर राष्ट्र, राज्य व जिल्हा अशा तिन्ही पातळ्यांवर या कामासाठी प्राधिकरणे निर्माण झाली. दिल्लीत राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्था आहे. पुण्यात यशदा आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत हा विषय शिकविला जातो. आणि गुरुग्राममध्येच हरियाणाच्या लोकप्रशासन संस्थेत अधिकाऱ्यांना त्याचे शिक्षण मिळते. पदवी उपयोगी पडते. परंतु गृहरक्षक दल, नागरी संरक्षण दल किंवा 'आपदा मित्र' योजनेतील स्वयंसेवकाचा अनुभव तितकाच मोलाचा असतो. स्वभाव मात्र संथ हवा. तेच वाक्य शंभराव्या वेळी पहिल्या वेळेइतक्याच आस्थेने सांगता यावे, लोक हसले तरी रुसू नये, आणि श्रेयाची अपेक्षा धरू नये. कारण न झालेल्या अपघाताबद्दल कोणी हार घालीत नाही.

राहता राहिला आपला, म्हणजे कुटुंबाचा, वाटा. हे वाचून झाल्यावर आजच संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसावे. घरातून बाहेर पडण्याच्या दोन वाटा ठरवाव्यात आणि मुलांनी त्या स्वतः चालून दाखवाव्यात. चुकामूक झाली तर कोठे भेटायचे ती जागा ठरवावी. गॅसची कळ व विजेची मुख्य कळ कोठे आहे ते घरातील प्रत्येकाने हात लावून पाहावे. 112 हा संकटकालीन क्रमांक लहान मुलालाही पाठ असावा, आणि त्याला आपला पूर्ण पत्ता सांगता यावा. विजेरी, आवश्यक औषधे, पाण्याची बाटली व महत्त्वाच्या कागदांच्या प्रती एका पिशवीत घालून ती दाराजवळ ठेवावी. हे सर्व करताना घरी कामाला येणाऱ्या बाईंना आपल्या शेजारी बसवून घ्यावे. त्यानंतर खाली जाऊन रात्रीच्या पहारेकऱ्याला त्याचे नाव विचारावे, आणि गच्चीची किल्ली कोणती हे त्याला ठाऊक आहे ना, याची खात्री करून घ्यावी.